आंब आणि करडी बुरशी

मला एका जागी बसवत नाही. लहानपणापासूनचं आहे. शाळेत बाई म्हणायच्या, हिच्या बाकाला खिळे आहेत का बघा जरा. आता पंचेचाळिशी उलटली तरी जेवताना मी दोनदा उठते, गॅस बघते, गॅलरीत जाऊन येते. अकोल्यात बुरशीच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली तेव्हा घरचे हसले होते. बुरशी वाढवायची म्हणजे वाट बघायची, आणि ते मला जमणारं नव्हतं. तरी वीस वर्षं मी हेच काम करते आहे. ज्वारी शिजवायची, पिशव्यांत भरायची, निर्जंतुक करायची, तिच्यात ट्रायकोडर्माचं विरजण सोडायचं आणि दार लावून घ्यायचं. आठवड्याभरात ज्वारी हिरवीगार होते. मी मात्र तिसऱ्याच दिवशी काचेतून डोकावायला लागते.

ट्रायकोडर्मा ही पिकाच्या बाजूची बुरशी. ती मुळाशी आणि पानाफुलांवर आधी जाऊन बसते, आणि पीक मारणाऱ्या दुसऱ्या बुरश्यांना जागा मिळू देत नाही. तिचं भांडण सावकाश चालतं. रासायनिक औषध चार दिवसांत जे करतं ते ती महिनाभर करत राहते, पण जमीन बिघडवत नाही, खाणाऱ्याच्या पोटात जात नाही. हे मी गावोगावच्या शेतकरी मेळाव्यांत इतक्या वेळा सांगितलं आहे की झोपेतही सांगू शकेन. सांगताना माझा आवाज चढतो. समोरचा जांभई द्यायला लागला की तो आणखी चढतो.

लोक म्हणायचे, बोलणं सोपं आहे, करून दाखवा. म्हणून मी बाबांचं वावर मागून घेतलं. मूर्तिजापूरपासून पाच किलोमीटरवर आमची चार एकर काळी जमीन आहे. सोयाबीन निघालं की बाबा तिथे हरभरा पेरतात. बाबांनी माझं ऐकलं, हे माझ्यासाठी मोठं होतं, कारण माझी आई गेल्यापासून ते कुणाचंच ऐकत नाहीत. बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळायचा, शेणखतात मिसळून जमिनीत टाकायचा, फुलं यायच्या आधी संध्याकाळच्या वेळी फवारायचा. तीन वर्षं आम्ही एवढंच केलं आणि हरभरा चांगला झाला. पहिल्याच हंगामात मी पत्र्याचा एक बोर्ड रंगवला होता आणि रस्त्याकडच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ठोकला होता. त्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं की या वावरात रासायनिक बुरशीनाशक मारलं जात नाही. अक्षरं जरा तिरपी आली, पण रस्त्यावरून वाचता यायची. मला त्या बोर्डाचा फार अभिमान होता. येता-जाता मी गाडी हळू करून तो बघायची.

तो बोर्ड वाचूनच चाचा आमच्या वावरात यायला लागले.

चाचा मूर्तिजापूरला राहतात. कापूस पिंजायचा, गाद्या-रजया भरायचा हा त्यांचा पिढीजात धंदा. पण जानेवारी लागला की ते आठ-दहा दिवस सगळं सोडून हरभऱ्याची आंब धरतात. हरभऱ्याच्या पानांवर, घाट्यांवर म्हणजे शेंगांवर एक आंबट रस सुटतो. वावरातून अनवाणी गेलं की पाय चरचरतात तो त्याचाच गुण. संध्याकाळी पिकावर धुतलेलं पांढरं कापड पसरून ठेवायचं, रात्रीचं दव आणि तो रस कापडात मुरतो, आणि पहाटे ऊन यायच्या आत कापड पिळून घ्यायचं. चहाच्या रंगाचं पाणी निघतं. पोटदुखीला, अपचनाला, उन्हाळ्यात लू लागली तर ते चमचाभर देतात. आम्ही त्याला आंब म्हणतो, चाचांच्या घरी त्याला सिरका म्हणतात. चाचा ती फक्त काचेच्या बाटलीत भरतात आणि कुणाकडून काही घेत नाहीत.

पूर्वी ते कुणाच्याही वावरात जायचे. मग फवारे वाढले आणि त्यांची वावरं कमी होत गेली. आमच्याकडे ते पहिल्यांदा आले तेव्हा बाबांनी विचारलं, मियाँ, आमच्याच वावरात काहून? चाचांनी बोर्डाकडे बोट केलं आणि म्हणाले, लिहून ठेवलं हाय न. त्यानंतर त्यांनी पुन्हा कधीही काही विचारलं नाही. मी मोठ्या आवाजात सगळ्यांना सांगत सुटलेली, आणि माझ्यावर इतका सरळ विश्वास ठेवणारा हा एकच माणूस भेटला होता.

चाचांचा एक नियम होता. मोसमातली पहिली आंब निघाली की पहिला चमचा ते स्वतः घ्यायचे, तिथेच, धुऱ्यावर उभं राहून, उपाशीपोटी. एक दिवस जाऊ द्यायचा आणि मगच दुसऱ्याला द्यायची. मी एकदा त्यांची चेष्टा केली होती की चाचा, तुम्ही तर आमच्या प्रयोगशाळेपेक्षा कडक. ते नुसते हसले होते.

चौथ्या वर्षी पीक फार दाट झालं. त्यात माझाच हात होता. मी एकरी बियाणं वाढवायला लावलं होतं. फुलं आली तेव्हा बाबा म्हणाले, पाणी राहू दे, जमिनीत ओल हाय. मी ऐकलं नाही आणि तुषार सिंचन चालू केलं. नंतर लगेच आभाळ आलं. तीन दिवस ऊन नाही, बारीक झिमझिम, वारा बंद. चौथ्या दिवशी मी झाडं हाताने बाजूला केली तर आतली फुलं तपकिरी पडून फांद्यांना चिकटलेली, आणि बुडापासून वीतभर उंचीवर देठांना करडी लव. बोट लावलं की धुरासारखी भुकटी उडायची. करडी बुरशी मी काचेच्या बशीत शेकडो वेळा बघितली होती. स्वतःच्या वावरात मात्र पहिल्यांदाच.

दोन संध्याकाळी मी ट्रायकोडर्मा फवारला, नेहमीच्या दुप्पट. पण तो आधी जाऊन बसणारा, एवढ्या माजलेल्या बुरशीला मागाहून हुसकून लावणं त्याच्या आवाक्यातलं नव्हतं. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. दर मेळाव्यात मी स्वतःच ते सांगते. फांद्याच्या फांद्या करड्या पडत होत्या, आणि येत्या रविवारी आमच्याच वावरात शिवारफेरी ठरलेली होती. आसपासच्या गावांचे शेतकरी येणार, आमच्या प्रयोगशाळेचे साहेब येणार, आणि मी धुऱ्यावर उभी राहून सांगणार की बघा, औषधाशिवाय हरभरा कसा येतो. माझी झोप उडाली. पीक जाईल याची भीती होतीच, पण खरं सांगायचं तर लोक हसतील याची जास्त होती.

बुधवारी बाबांना मोतीबिंदूच्या तपासणीसाठी अमरावतीला माझ्या बहिणीकडे सोडलं. परत येताना बडनेऱ्याला उतरले. मूर्तिजापूरचे सगळे कृषी केंद्रवाले मला ओळखतात, अकोल्याचे तर दुकानात बोलावून चहा पाजतात, म्हणून बडनेरा. तोंडाला ओढणी बांधून एका दुकानात गेले आणि करड्या बुरशीवरचं, झाडात भिनणारं आंतरप्रवाही औषध मागितलं. दुकानदार भला माणूस. त्यानं मला पंधरा लिटरच्या पंपाला किती टाकायचं ते तीनदा समजावलं. वर म्हणाला, ताई, यानंतर आठ-दहा दिवसांनी ट्रायकोडर्मा मारा, लय चांगला रहाते. मी मान डोलावली. डबा पिशवीत, पिशवीवर संत्री, आणि मी गाडीत दाराजवळ उभी. बसायला जागा होती तरी बसले नाही.

गुरुवारी सकाळपासून मी एकटीनं चारही एकर फवारलं. आदल्या दिवशीच आभाळ निवळलं होतं, स्वच्छ ऊन पडलं होतं. मोजे, रुमाल, बाबांचा जुना सदरा. पंप पाठीवर घेऊन चालताना मला माहीत होतं की करड्या बुरशीबरोबर तीन वर्षं जपलेली माझी हिरवी बुरशीही मी मारते आहे. मला रडू येत होतं आणि मी भराभर चालत होते. चार वाजता डबा वावरातल्या गुरांच्या कोठ्यात कडब्याच्या मागे टाकला, हातपाय धुतले आणि अकोल्याला निघाले. बोर्डासमोरून जाताना मी गाडी हळू केली नाही.

शुक्रवारी सकाळी ऑफिसला जायला खाली उतरले तर स्कूटीची सीट दवानं ओली होती. मी रुमाल काढून पुसायला लागले आणि हात तसाच राहिला. आभाळ मोकळं, कडाक्याची थंडी, भरपूर दव. आंब धरायचे दिवस लागले होते.

म्हणजे चाचा काल संध्याकाळीच कापडं पसरून गेले असतील. पहाटे पिळली असतील. पहिला चमचा घेतला असेल.

इथे मी स्वतःची बाजू घेणार नाही. त्याच क्षणी स्कूटी वळवली असती तर तासाभरात मूर्तिजापूरला पोचले असते. चाचांचा मोबाइल नाही, पण त्यांचं घर मला माहीत होतं. मी ऑफिसला गेले. दिवसभर मनाला समजावत राहिले की त्यांना कुठे कळलं असेल थंडी पडल्याचं, ते अजून आले नसतील. डब्यावर निळा त्रिकोण होता, लाल नव्हता, म्हणजे तितकं जहाल नाही. चमचाभरानं काय होतंय. माणसं फवारलेली वांगी रोज खातात. असं एकेक मनाशी म्हणायची आणि पुन्हा उठून बाहेर यायची. साहेबांनी विचारलं, काय, रविवारची गडबड का? मी हो म्हणाले. चाचांना सांगायचं म्हणजे बोर्ड खोटा आहे हे कबूल करायचं, आणि रविवार दोन दिवसांवर होता. या एका कारणापायी मी त्या माणसाला अख्खा दिवस वाऱ्यावर सोडलं.

शनिवारी उजाडायच्या आत निघाले. महामार्गावर धुकं, हँडल धरलेली बोटं बधिर. वावराशी पोचले तेव्हा पूर्वेला नुकतं फटफटलं होतं. धुऱ्यावर चाचांची सायकल टेकवलेली होती आणि हरभऱ्यावर चार पांढरी कापडं तशीच पसरलेली. चाचा बांधाच्या दगडावर पोट धरून बसले होते. बाबा त्यांच्या शेजारी थर्मास घेऊन उकिडवे बसलेले. ते आदल्या संध्याकाळीच अमरावतीहून परतले होते.

मी काही बोलायच्या आत चाचाच बोलले. गुरुवारी संध्याकाळी ते आले होते, वावरात कुणी नव्हतं. शुक्रवारी पहाटे दोन बाटल्या निघाल्या. नेहमीसारखा चमचा घेतला, पण यंदा आंब दमदार निघाली म्हणून आणखी थोडी घेतली. दुपारपासून उलट्या. संध्याकाळी जरा बरं वाटलं म्हणून पुन्हा येऊन कापडं पसरली. रात्रभर पोटात आग. आज फक्त कापडं गोळा करायला आले होते, पण वाकायचीच ताकद नव्हती.

“वय झालं, बेटा,” ते म्हणाले. “तीस वर्षं आंब पेलो, कधी काही झालं नाई. आंबेची गलती नाई. माह्या पोटातच आता दम नाई राह्यला.”

त्यांनी बाटल्या कुणाला दिल्या नव्हत्या. पण त्यांना बाटल्यांचा संशय आला नव्हता. स्वतःच्या पोटाचा आला होता. माझ्या तिरप्या लाल अक्षरांवर त्यांचा स्वतःच्या शरीरापेक्षा जास्त भरवसा होता, आणि ते ऐकताना मला वाटलं की जमीन दुभंगेल तर बरं.

मी म्हणाले, चाचा, उठा, डॉक्टरकडे चला. ते नको म्हणाले. मी म्हणाले, चाचा, या वावरात... तेवढ्यात बाबा मधे बोलले.

“फवारा मी मारला, मियाँ. माणूस लावून मारला. पोरीले ठाऊक नाई.”

बाबांनी आदल्या संध्याकाळी कोठ्यात डबा बघितला होता. त्यांना वासानंच सगळं कळलं असणार. ते माझ्याकडे बघत नव्हते, थर्मासचं झाकण फिरवत होते. रविवारी कोण कोण येणार हे त्यांनाही माहीत होतं. आयुष्यात खोटं बोलताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं, आणि आज ते माझ्या नोकरीसाठी, माझ्या नावासाठी त्यांच्या दोस्तासमोर खोटं बोलले होते. चाचांनी बाबांकडे बघितलं. मग म्हणाले, तुमी त अमरावतीले होते म्हने. बाबा म्हणाले, फोन करून सांगतलं.

आणि मी गप्प बसले. कधी नव्हे ती.

शेजारच्या शेतकऱ्याची जीप मागितली. चाचांना मागच्या सीटवर आडवं केलं.   चाचा वाटेत म्हणाले की कापडं वावरातच राह्यली. बाबा म्हणाले, मी आनतो.

मूर्तिजापूरच्या डॉक्टरांनी आधी सलाइन लावलं आणि मग विचारायला सुरुवात केली. काय प्यायले, किती, कधी. बाबांनी सांगितलं, आंब. डॉक्टर त्याच भागातले, त्यांना आंब ठाऊक होती. त्यांनी विचारलं, पिकावर काय फवारलं होतं? बाबा म्हणाले, औषध. कोणतं औषध? बाबांना नाव माहीत नव्हतं. किती मारलं, कधी मारलं? बाबा म्हणाले, परवा... का त्याच्या आदल्या दिवशी. डॉक्टर चिडले. म्हणाले, अहो, नाव नाही कळलं तर मी उपचार कशावर करू?

चाचा कॉटवरून बाबांकडे बघत होते. अडखळणारा माणूस खोटं बोलतो आहे हे त्यांना तिथे कळलं असावं.

मी नाव सांगितलं. घटक सांगितला, टक्के सांगितले, पंपाला किती मापं टाकली ते सांगितलं, चिकटण्यासाठी सोबत काय मिसळलं होतं ते सांगितलं. गुरुवारी सकाळी सात ते दुपारी चार. एकूण किती पंप. पाठ केलेलं असावं तसं सगळं बाहेर आलं. आवाज चढला नाही. डॉक्टरांनी लिहून घेतलं आणि विचारलं, तुम्ही तिथे होता का? मी म्हणाले, मीच मारलं. बाबांनी नाही. बोर्ड माझा आहे आणि फवाराही माझाच आहे.

बाबा उठून बाहेर व्हरांड्यात गेले.

डॉक्टर नंतर म्हणाले की खात्रीनं काही सांगता येत नाही. औषधामुळे झालं असेल, किंवा जास्त आंबट उपाशीपोटी घेतल्यानं जठराला सूज आली असेल, या वयात तेही होतं. दोन दिवस ठेवू, बरे होतील. दोन दिवसांनी ते खरंच बरे झाले. माझ्यासाठी ही आणखी एक पळवाट होती, आणि कबूल करते की क्षणभर मी तिच्याकडे आशेनं बघितलं. पुढे किती महिने मी स्वतःला विचारत राहिले की ते औषधानंच झालं की नाही. अजूनही माहीत नाही. बशीत वाढवून बघता येईल अशी ती गोष्ट नव्हती.

संध्याकाळी चाचांना जरा हुशारी आली. त्यांचा मुलगा दुकान बंद करून आला होता, औषधं आणायला खाली गेला होता. मी स्टुलावर बसले होते. माफी मागायची म्हणून तोंड उघडलं तर करडी बुरशी, ढगाळ हवा, दाट पेरणी, शिवारफेरी असं सगळं सांगत सुटले. मेळाव्यात सांगते तसंच. चाचांनी हात वर केला तेव्हा थांबले.

“मले सांगतलं असतं त मी धुऱ्यावरूनच परत गेलो असतो, बेटा,” ते म्हणाले. “मले कोनाच्याही वावरात जाता येत होतं. येवढंच होतं.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. माझं मोठं संकट, माझी रात्र-रात्र उडालेली झोप, बडनेऱ्याचं दुकान, ओढणी, हे सगळं त्यांच्या दोन वाक्यांपुढे इतकं फालतू वाटलं की मी उठून खिडकीपाशी गेले आणि मग कॉटपाशी परत आले आणि पुन्हा खिडकीपाशी गेले. शेवटी चाचाच म्हणाले, जा घरी, तुह्या बापाकडे पाह्य.

गावातल्या घरी पोचले तेव्हा बाबा वावरातून कापडं घेऊन आले होते. तीन पाण्यांत धुऊन अंगणातल्या दोरीवर वाळत घातली होती. ते माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. मी खोटं बोलले म्हणून की त्यांचं खोटं उघडं पाडलं म्हणून, हे मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

रविवारी शिवारफेरी झाली. मी सकाळी बोर्ड काढून ठेवला आणि तीस-चाळीस लोकांसमोर झालं ते सांगितलं. कुठे चुकलं तेही सांगितलं. दाट पेरणी, नको तेव्हा दिलेलं पाणी, ट्रायकोडर्मा उशिरा पडला, आणि मग घाबरून लपूनछपून मारलेलं औषध. साहेबांचा चेहरा उतरला. मला वाटलं होतं लोक हसतील, कुजबुजतील. तसं काही झालं नाही. ज्याची जीप नेली होती तो शेजारचा शेतकरी पुढे आला, फांद्या बाजूला करून बघितल्या, करडी लव वाळून गेली होती. तो म्हणाला, ताई, बाकी जाऊ द्या, कोनतं मारलं ते सांगा, मस्त रिझल्ट हाय. आणि दहा-बारा लोकांनी मोबाइलमध्ये नाव लिहून घेतलं. वीस वर्षांत माझं कुठलंही भाषण इतक्या लक्षपूर्वक कुणी ऐकलं नव्हतं. मला हसावं की रडावं कळेना. घरी येऊन मी दोन्ही केलं.

नोकरी गेली नाही. साहेबांनी मला वर्षभर मेळाव्यांना पाठवलं नाही, प्रयोगशाळेतच बसवलं. तीही शिक्षाच होती, पण मी ती गुपचूप भोगली.

यंदा आम्ही हरभरा पुन्हा पेरला. ओळीत अंतर जास्त ठेवलं, पाणी बाबांना विचारून दिलं, ट्रायकोडर्मा वेळेवर टाकला. जानेवारीत ढग आले तेव्हा मी रोज अकोल्याहून येऊन झाडं उघडून बघत होते. दोन ठिकाणी करडं दिसलं, तेवढी झाडं उपटून जाळली. बाकी पीक निरोगी राहिलं. रासायनिक काहीही फवारलं नाही. खरंच नाही.

आभाळ मोकळं झालं त्या संध्याकाळी मी वावरातच होते. खोटं कशाला बोलू, त्यासाठीच थांबले होते. चाचा सायकलवर आले. जरा वाळलेले दिसले, पण सायकल तशीच दमात चालवत होते. मागच्या कॅरिअरला कापडांचं गाठोडं. धुऱ्यावर उतरून त्यांनी बाबांची विचारपूस केली, डोळ्याचं विचारलं, नातवाच्या लग्नाचं सांगितलं. बाबांनी तंबाखू पुढे केली. हरभरा बघून चाचा म्हणाले, पीक झकास आलं, भाऊ.

मला राहवलं नाही. मी म्हणाले, चाचा, यंदा औषध काहीच मारलं नाही. पेरल्यापासून काहीच नाही. पाहिजे तर पान तपासून आणते प्रयोगशाळेतून, कागद दाखवते.

“असन, बेटा,” ते म्हणाले. “मी कुठी नाई म्हनतो.”

आणि सायकल हातात धरून ते आमच्या धुऱ्यावरून पुढे निघाले, शेजारच्या वावराकडे. बाबा मागून म्हणाले, अहो मियाँ, तिकडं कुठं? तो त सगळे फवारे मारते.

चाचा थांबले. मागे वळून त्यांनी बाबांना उत्तर दिलं, पण बघितलं माझ्याकडे.

“मारते,” ते म्हणाले. “पन कोनत्या दिवशी मारलं, ते सांगते.”